मॅट्रिककाकू

राणीसावरगावात पोरंसोरं ‘दहावी’ म्हणतात. कमलबाईंची मात्र ‘मॅट्रिक’. दहावी काय, कुणीबी होतं! मॅट्रिक म्हटलं की कसं वजन येतं. बँकेचा फॉर्म असो की कोर्टाची नोटीस, लोक म्हणणार, “मॅट्रिककाकूकडं चला.” काकूही चष्मा चढवून सगळं वाचून देणार. चाळीस वर्षं झाली, एकदाही चुकल्या नाहीत.

आणि खरं सांगू? कमलबाई गणितात नापास. लग्न जमवताना वडलांनी पाहुण्यांना ठोकून दिलं, “पोरगी मॅट्रिक पास हाय.” गुणांचा मार्कमेमो चुलीत घातला आणि पोरीला बजावलं, “आता तोंड उघडायचं न्हाई.” नाही उघडलं बिचारीनं. नवरा दिनकरराव चारचौघांत मिशीवर हात फिरवत “आमची मंडळी मॅट्रिक!” म्हणाले, की कुणी मार्कमेमो मागंल या धास्तीनं ही आत सटकायची.

यंदा नात भक्ती दहावीला दुसऱ्यांदा गणितात गेली. अठरा पूर्ण झालेली. जुलैत पुन्हा बसते म्हणून रडायली. तिचा बाप गोपाळ कडाडला, “आजी बग तुजी! शिकवणी न्हाई, काय न्हाई, एका फटक्यात मॅट्रिक! तुज्यानं हुयाचं न्हाई. लगीन लावून देऊ.”

कमलबाईंना राहवलं नाही. “गोपाळ, बसू दे तिला. आरं, मीबी गणितात नापासच हाय.”

दिनकरराव खो खो हसले. “बगा, नातीसाठी कसं धडधडीत खोटं बोलायली!”

“आईशप्पथ, खरंच!”

“मग दाखव बरं मार्कमेमो,” गोपाळही हसला. काय दाखवणार, कप्पाळ? त्याची कधीच राख झाली होती.

वर गोपाळनंच कोरा कागद पुढं सरकवला. “भक्तीचा लग्नाचा बायोडाटा तूच लिव्ह. अक्षर लय चांगलं हाय तुजं. शिक्षण, दहावी पास. सासरचे कशाला मार्कमेमो बगायला येतेत?”

कमलबाईंचा हात सवयीनं चालू लागला. ‘पास’ लिहूनही झालं. भक्ती शेजारी येऊन टेकली आणि हळूच म्हणाली, “आजी, मला पटलं तुजं. आता मलाबी जन्मभर असंच भेत ऱ्हावं लागंल का?”

“व्हय गं माय,” कमलबाई म्हणाल्या. डोळे भरून आले. त्यांनी ‘पास’वर काट मारली आणि पुढं ठळक अक्षरात ‘नापास’ लिहिलं.

“कागद नासवलास की, आई!” गोपाळ म्हणाला आणि त्यानं दुसरा कोरा कागद दिला.