मनूचा पहिला पाठ

भास्करराव कचेरीतले जुने कारकून. आपल्याइतकं वळणदार अक्षर साऱ्या रत्नागिरीत कुणाचं नाही, असा त्यांचा दावा होता, आणि तो खोडून काढायला कुणी रिकामं नव्हतं. २००४ साली हुकूम आला की प्रत्येकाने इंटरनेटवरून संगणकाचा अभ्यासक्रम पुरा करावा. मारुती मंदिराजवळच्या क्लासात त्यांनी माऊस धरला तो विंचू धरावा तसा, दोन बोटांनी. क्लासातल्या शमिकाने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि पहिला पाठ उघडून दिला.

"नमस्कार. घाबरू नका. आपण सावकाश शिकू या."

भास्कररावांनी हेडफोन उपसून काढला आणि मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत होती. तो आवाज मनूचा होता. मनस्विनी, त्यांची एकुलती एक लेक. पुण्याच्या कंपनीत असलेच पाठ तयार करायची आणि दीड वर्षापूर्वी तापाचं निमित्त होऊन तिथेच गेली. सुट्टीत घरी आली की म्हणायची, "बाबा, बसा ना, मी शिकवत्ये." त्यावर हे गुरगुरायचे, "तू मला शिकवणार?" बसले मात्र कधीच नाहीत.

त्यांनी हेडफोन पुन्हा चढवला. पाठाच्या शेवटी मनूने विचारलं, "संगणक बंद करण्याआधी काय कराल?" गडबडीत त्यांचं बोट भलत्याच उत्तरावर पडलं. भिंतीतला प्लग ओढू.

"हरकत नाही. पुन्हा प्रयत्न करा," मनू म्हणाली, आणि पाठ पहिल्यापासून सुरू झाला.

"काका, बरोबर उत्तर दिलंत की ह्यो पाठ बंद," शमिकाने समजावलं. "फुडचा उघडतो. मागं फिरता येत नाय."

"पुढचाही हीच सांगते?"

"नाय हो, फुडचे सगळे एका बाप्याच्या आवाजात हायत."

मग काय, घोडं तिथेच पेंड खायला लागलं. बरोबरीचे लोक परीक्षा देऊन मोकळे झाले आणि हे आपले रोज संध्याकाळी प्लग ओढतायत. "भास्कररावांमुळे गावात वीज टिकत नाही," अशी कचेरीत थट्टा सुरू झाली. कधी नेट रेंगाळायचं आणि मनूचा आवाज "पुन्हा... पुन्हा..." असा अडकून राहायचा. अंगावर काटा यायचा, पण उठवत नसे. घरी जेवताना, दाराला कडी घालताना तेच 'पुन्हा' कानात यायचं आणि ते दचकून मागे बघायचे. पत्नीला, पद्मजाबाईंना, हे सांगायचा धीर होईना. मनूचं नाव निघालं की त्या उठून आत जात.

एक दिवस शमिका म्हणाली, "काका, आता नवीन पाठ येणार. हे काढून टाकतील." त्या रात्री भास्करराव पत्नीपाशी सगळं बोलले. दुसऱ्या दिवशी पद्मजाबाई ठेवणीतली साडी नेसून क्लासात हजर झाल्या.

हेडफोन एकच. दोघांनी डोकी जवळ घेऊन एकेक बाजू कानाला लावली. पद्मजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. शेवटी मनूने प्रश्न विचारला. भास्कररावांचा हात सवयीने प्लगच्या उत्तराकडे वळला.

"हे चूक आहे ना हो?"

"चूकच. मुद्दाम देतो. म्हणजे ती परत बोलते."

"रोज?"

"रोज."

पद्मजाबाईंनी त्यांचा हात धरला. "अहो, पोर जीव तोडून शिकवत्ये आणि तुम्ही रोज चुकता? तिला वाटत असेल, आपल्यालाच शिकवता येत नाही."

ते जिव्हारी लागलं. लेक तिकडे कुठेतरी तोच पाठ घोकत, बापाची वाट बघत अडकून पडली असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी बाण हळूहळू सरकवला. केलेलं काम आधी जपून ठेवू. त्यावर बोट दाबलं.

"शाब्बास!" मनू म्हणाली. "मला ठाऊक होतं, तुम्हाला जमेल."

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग एक खर्जातला आवाज आला, "नमस्कार. पाठ दुसरा."

भास्करराव टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडू लागले. शमिका धावत आली. "काका, काय चुकलं काय?"

"नाही गं," पद्मजाबाई म्हणाल्या. "आज बरोबर आलं."