केकाटणारं पिल्लू

कुत्र्याचं पिल्लू कसं निवडावं, हे सोमाजीच्या घराण्यात कुणाला शिकवावं लागत नसे. पिल्लाचा कान धरायचा आणि उचलायचं. केकाटेल ते परत ठेवायचं, मुकाट लोंबकळेल ते घरी आणायचं. मुकं पिल्लू जिवाला भीत नाही, वेळ आली तर वाघाच्या अंगावर जातं, असं पणज्याने सांगून ठेवलं होतं. पणजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचा. सोमाजीने त्यातली बहुतेक विकून राजुरीच्या शिवारात ऊस लावला, पण कान धरायची रीत तेवढी शाबूत ठेवली.

सोमाजीची बायको तुकाबाई त्या घरात सून म्हणून आली, सासू झाली, तरी तिला या रीतीत कधी काही खटकलं नव्हतं. खटकलं ते नातू गेला तेव्हा.

स्वराज सहा वर्षांचा होता. दिवेलागणीला अंगणात एकटाच चप्पल शोधत होता. उसातून बिबट्या आला आणि त्याला घेऊन गेला. घरात सगळे होते. तुकाबाई भाकरी थापत होती, सून वैजयंती धाकट्या सृष्टीला भरवत होती, सोमाजी टीव्हीपुढे होता. कुणाला काही कळलं नाही, कारण त्यांचा वजीर, तोच कान धरून निवडलेला कुत्रा, भुंकलाच नाही. तो तसाच बिबट्यामागे उसात शिरला आणि झुंजून मेला. स्वराज आणि वजीर, दोघेही पाटाच्या कडेला सापडले.

गावाने वजीरचं कौतुक केलं. त्याची समाधी बांधा, असंही कुणी म्हणालं. तुकाबाईचं डोकं फिरलं.

"समादी कशापायी? येकदा भुकला असता तर हातातलं उलथनं घिऊन पळाले असते मी. मरून काय दिलं त्यानं मला?"

मेलेल्या कुत्र्याशी किती भांडणार? तिने मोर्चा देवाकडे वळवला. देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक होता, दर रविवारी तिच्या हातून भंडारा घेणारा. कुत्रं हे त्याचंच जनावर. "तूबी गपच बसलास," असं म्हणून तिने टाक उचलला आणि बाजरीच्या कोठीत खुपसला.

भावकीतला एक शहाणा सांगायला आला, की तुम्ही जागरण चुकवलंत म्हणून देव कोपला. तुकाबाईने त्याच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. "जागरन आमी चुकवलं आन नेलं लेकराला व्हय? आसला देव तुमच्या घरी ठिवा, भाऊ. आमच्यात त्याला जागा न्हाई." शहाणा घोटभर चहावरच परतला.

पण रोज बाजरी काढताना टाक तिच्या बोटांना लागायचा. ती त्याला आणखी खोल ढकलायची. एवढं होऊन ती एकदाही रडली नव्हती. रडलं की हार मानली, असं तिला वाटायचं.

वर्ष सरत आलं तशी वैजयंतीने मनातलं बोलून टाकलं. "आत्या, मी सृष्टीला घिऊन मंचरला ऱ्हाते. हितं दिवस मावळला की पोरीला दाराभाईर सोडवत न्हाई मला." तिचा नवरा मंचरच्या बाजारात कांद्याच्या गाडीवर होता, तिथे खोलीही मिळत होती. तुकाबाईला तिचं चुकलं असं म्हणवेना. पण नातू तर नेलाच, आता उरलेली नातही बिबट्याने घरातून हुसकून लावायची? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मला दिवाळीपत्तुर टाइम दे. मी कुत्रं आनते."

"मागं व्हतं की कुत्रं," वैजयंती म्हणाली.

डिंभ्याच्या ठकूबाईची कुत्री व्याली होती. एसटीची वाट बघून कंटाळल्यावर सोमाजी आणि तुकाबाई सृष्टीला घेऊन जीपने गेले. सोमाजीने सरावाने कान धरले. पांढऱ्या पायांचं एक पिल्लू हूं की चूं करेना. सोमाजीचा चेहरा फुलला. दुसरं काळं, मरतुकडं. त्याच्या कानाला हात लागायच्या आतच त्याने असा गळा काढला, की धरणाकडे जाळी सारखी करत बसलेली माणसं बघायला आली.

"ह्ये पांढऱ्या पायाचं न्यायचं," सोमाजी म्हणाला.

"ह्ये काळं," तुकाबाई म्हणाली.

"अगं, भित्रं हाय त्ये. वाघ दिसला की मुतंल."

"मुतू दे. पर वरडंल! देव मुका निघाला, कुत्रा मुका निघाला, नवराबी मुकाच गावला. आता घरात येक तरी वरडनारं पायजे."

ठकूबाईला हसू आवरेना. सोमाजीने पांढऱ्या पायांचं पिल्लू परत कुत्रीपाशी ठेवलं.

सृष्टीने पिल्लाचं नाव ठेवलं बोंबल्या, आणि त्याने ते सार्थ केलं. दूधवाल्याची मोटारसायकल, दोरीवरचं लुगडं, सोमाजीचा फेटा, सगळ्यांवर तो भुंकला. कुकरची शिट्टी झाली की त्याला तर पळता भुई थोडी व्हायची.

"घ्या! वाघ ऱ्हायला बाजूला, ह्यो कुकरला भितो," सोमाजी म्हणे.

"भिऊ दे. आपुनबी भितोच की. त्यो सांगून भितो."

आश्विनात ऊस डोक्यावर गेला. एका दिवेलागणीला सृष्टी हौदापाशी पाय धूत होती आणि बोंबल्या जिवाच्या आकांताने केकाटला. "झाली कुकरची शिट्टी," सोमाजी आतून म्हणाला. पण चुलीवर तवा होता. घरात कुकर लावलाच नव्हता.

तुकाबाई परात आणि उलथनं घेऊन धावली. बोंबल्या एक पाऊलही पुढे गेला नव्हता. तो सृष्टीच्या पायांत घुसून थरथरत होता, भीतीने मुतला होता आणि ओरडत होता. हौदापलीकडे, उसाच्या कडेला, बिबट्या दबून बसला होता.

ती नातीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने परात बडवली. "ये! माझ्या अंगावं ये!" आणि मग न ठरवताच तिच्या तोंडून निघालं, "येळकोट येळकोट जय मल्हार!" पुन्हा निघालं, पुन्हा निघालं. मागून सोमाजीचा आवाज त्यात मिसळला. वैजयंतीने सृष्टीला उचललं आणि तीही ओरडायला लागली. बिबट्या उठला, सगळ्यांकडे एकदा बघून उसात निघून गेला.

तुकाबाई हौदापाशी मटकन बसली आणि वर्षभराचं रडली.

उसात बिबट्या असणारच, हे तिला ठाऊक होतं. वैजयंतीनेही कायमची राहते असं काही कबूल केलं नाही, पण दिवाळी आली तरी पिशवी मात्र भरली नाही.

बिबट्या येऊन गेल्यावरच्या रविवारी तुकाबाईने कोठीत हात घातला. टाक वर काढला, चिंच लावून घासला आणि देवघरात मांडला. दोन ताटल्या वाढल्या. रीत अशी, की नैवेद्य आधी देवाला दाखवायचा आणि मग कुत्र्याला घालायचा. तिने पहिली ताटली बोंबल्यापुढे सरकवली.

"अगं, आदी देवाला!" सोमाजी म्हणाला.

"आदी ह्याला. ह्यो वरडला."

मग दुसरी ताटली टाकापुढे ठेवून ती म्हणाली, "तुला मी माफ केलेलं न्हाई, आन करनारबी न्हाई. पर त्या दिशी तोंडात तुझंच नाव आलं, त्याला मी काय करू? ऱ्हा हितंच. मला भांडायला म्होरं कुनीतरी पायजे."

तिने घंटा वाजवली. बोंबल्या खाता खाता दचकला आणि थेट देवावर भुंकायला लागला. सोमाजी त्याला हाकलायला उठला, तर तुकाबाईने हात आडवा घातला.

"भुक," ती बोंबल्याला म्हणाली. "माझ्या वाटचंबी भुक."