नांदेड ते हैदराबाद, तासभर

परभणीत विमानतळ नाही, पण विमानाची तिकिटं काढून देणारं माझं दुकान आहे. बस स्टँडसमोर. लोक तिकिटापेक्षा चौकशीलाच जास्त येतात, आणि जाताना कायतरी बोलून जातात. मी काही लिहून ठेवत नाही. पण चार मित्र जमले की एकामागून एक आठवत राहतं. त्यात नांदेड-हैदराबादचा वाटा सगळ्यात मोठा!

सोनपेठचे एक कापड दुकानदार आले. "नांदेडहून हैदराबादला इमानाला किती वेळ?"

"तासभर."

"आन् सोनपेठहून नांदेडला?"

"एसटीनं अर्धा दिवस धरा. वर विमानतळावर आधी पोचायचं."

त्यांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजी माणूस दमतंय ते इमानात बसूस्तोर. बसल्यावर काय, उतरायचंच हाय की!"

येलदरीचे एक मामा अंतराला अडले. रस्त्यानं जास्त आणि हवेतून कमी, हे त्यांना पटेना.

मी म्हटलं, "मामा, वर वळणं नसतात. सरळ जातं."

"मग ह्यो रस्ता करतानी कुणी वर बघितलं न्हाई का?"

तेच मामा जाऊन आले. तोंड उतरलेलं. "चहा घेतला, कप निम्मा झाला न्हाई, तर म्हणे पट्टा बांधा, उतरायचंय! पैशे तर पुरे घेतले. जरा हळू चालवायला काय झालं?"

पोखर्णीच्या रुक्मिणमावशी लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघाल्या होत्या. त्यांना खिडकीच पाहिजे होती. "आमचं शेत बघायचंय वरून. मालक उभे ऱ्हाणार हायत."

मी समजावलं, "मावशी, विमान नांदेडहून पलीकडं जातं, पोखर्णीवरून नाही."

"आता सांगून बसले की त्यांना!"

नंतर ते मालकच दुकानात आले, मावशींचं परतीचं विचारायला. मी विचारलं, "दिसलं का विमान?"

"एक दिसलं. लय उंच हुतं. लाल उपरणं हालवलं."

"अहो, ते दुसरंच असणार. मुंबईचं बिंबईचं."

"असू द्या की. त्यांना तरी कोण हात करायलंय!"

आणि सोनपेठकडचेच एक अप्पा. घरी एकटे. मुलगा हैदराबादला मोठ्या नोकरीत. दर सणाला फोनवर एकच सांगायचा, लांब पडतं, जमत नाही. अप्पा एक दिवस दुकानात आले, मुलाला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "किती लांब हाय, सांगा त्याला."

मी सांगितलं, "नांदेडपर्यंत तासभर लागतो. पुढं गाडी मिळते."

मुलगा म्हणाला, "काका, मला म्हाईत हाय ते." आणि फोन ठेवला.

अप्पांनी विचारलं, "काय म्हणला?"

"माहीत आहे म्हणाला."

अप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला. खुर्ची पुढं ओढली. "मग एक तिकीट काढा. माझं. जायाचं."

मी काढायला घेतलं. "आणि परतीचं कधीचं काढू, अप्पा?"

"ते नका काढू," अप्पा म्हणाले. "ते त्यो काढंल. लय लवकर काढंल!"