फिटपुढची टिक

"साएब, मना कंदी फिट आलीच नाय हो," हरेश्वर माझ्या टेबलासमोर उभा राहून सांगत होता. त्याच्या हातात त्याला मशिनवरून काढून स्टोअरला पाठवल्याचं पत्र होतं.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हरेश्वर जवळच्याच तळवली गावचा, आमच्याकडे फिटर. वर्षातून एकदा होणाऱ्या मेडिकलच्या कार्डावर त्याला फिट्स येतात, म्हणजे आकडी येते, अशी नोंद होती. आकडी येणाऱ्या माणसाला फिरत्या मशिनजवळ ठेवत नाहीत. नियम योग्यच आहे.

मी कार्ड काढून पाहिलं नाही. "ज्याला येते त्याला ती आठवत नाही," एवढं म्हणालो. "डॉक्टरांची सही आहे ना?"

त्याने पत्राची घडी घातली. "मंग असंल," म्हणाला आणि गेला.

आठ दिवसांनी वेगळ्याच कामासाठी कार्डांचा गठ्ठा काढला, तेव्हा त्याचं कार्ड वर आलं. कार्ड इंग्रजीत असायचं. वरच्या भागात आजारांची यादी. ती मी एकेकाला विचारून भरायचो. त्यात फिट्सचा रकाना. सगळ्यात खाली कामाला फिट आहे की नाही, ते डॉक्टर लिहायचे. त्या दिवशी लाइन मोठी होती. मी मान वर न करता नुसतं "फिट?" म्हणत होतो. बाकीचे "नाही" म्हणाले. हरेश्वरने दंडावर ऐकू येईल अशी थाप मारून "एकदम फिट!" म्हटलं होतं, आणि मी 'येस'वर टिक मारली होती. तो फिटर. बेअरिंग शाफ्टवर ढिलं नाही, अडकूनही नाही, असं बसलं की त्याच्या भाषेत ते फिट. त्याने त्याच्या परीने बरोबर उत्तर दिलं होतं.

मी कार्ड परत गठ्ठ्यात ठेवलं. त्याच महिन्यात माझं कन्फर्मेशन व्हायचं होतं, नोकरी कायम व्हायची होती. तीन आठवडे मी कुणाला काही बोललो नाही. हे लिहायला आजही जड जातं.

त्या तीन आठवड्यांत कामगारांनी त्याला जपलं. कुणीतरी त्याच्या खिशात कांदा ठेवायचं, आकडी आलीच तर हुंगवायला. संडासला गेला तरी एकजण दाराबाहेर उभा. "हऱ्या, पडशील तं आमाला सांगून पड रे!" अशी मस्करी करायचे, पण हलायचे नाहीत.

एका संध्याकाळी तो ठाणे-बेलापूर रोडने पायी जाताना दिसला.

"सायकल कुठाय?"

"बंद केली, साएब. रस्त्यात आली तं?" मग खाली बघून म्हणाला, "पोरीला पन उचलत नाय आता. हातातून सुटंल."

पोर दीड वर्षाची होती.

आमचे डॉक्टर गुरुवारी यायचे. त्या गुरुवारी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, मी त्याला विचारलं होतं, फिट कधीपासून? म्हणाला, लहानपणापासून फिटच हाय." आम्हा दोघांनाही हसू आलं नाही.

त्यांनी कपाटातली जाडजूड डिक्शनरी काढून बघितली. म्हणाले, "हे दिसायला एक, पण शब्द दोन आहेत. आकडीवाला फिट जुन्या इंग्रजीतल्या झुंजीच्या शब्दावरून आलाय. धडधाकटवाला कुठून आला, ते यांनाही नक्की माहीत नाही. आपण एका टिकमध्ये दोन्ही उरकले."

मग मी मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, "क्लेरिकल मिस्टेक लिही. टायपिस्टची."

"टिक माझी आहे, सर."

"कन्फर्मेशन आहे ना तुझं?"

"आहे."

"मग लिही काय लिहायचं ते."

डॉक्टरांनी हरेश्वरला नीट तपासून नवं कार्ड केलं. ते घेऊन त्याच संध्याकाळी मी तळवलीला त्याच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. तीन आठवडे गप्प बसलो तेही.

त्याची बायको दारात पोरीला कडेवर घेऊन उभी होती. "तुमाला ठावं व्हतं?" तिने विचारलं.

"हो, वहिनी."

तिने पोर हरेश्वरपुढे धरली. त्याने हात पुढे केले, मागे घेतले, मग माझ्याकडे बघितलं.

"आता धरू ना, साएब?"

मी मान हलवली. तो आधी खाली बसला आणि मग त्याने तिला घेतलं. ती त्याची मिशी ओढत होती. तो तिला ओढू देत होता.

हरेश्वर दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला परत गेला. माझं कन्फर्मेशन सहा महिने पुढे गेलं. ते योग्यच झालं. कार्डावरचे दोन्ही इंग्रजी शब्द मी खोडले आणि मराठीत पूर्ण वाक्यांत प्रश्न छापून घेतले. लाइन उरकायला दुप्पट वेळ लागू लागला. हाताखाली नवा माणूस आला की मी एवढंच सांगतो: समोरचा 'हो' म्हणाला, तर तो कशाला हो म्हणाला ते विचार. विचारायला दहा सेकंद लागतात. मी विचारलं नाही, म्हणून एका बापाला स्वतःच्या पोरीला उचलायला माझी परवानगी मागावी लागली.