रज्जाकच्या गिरणीची कुक

घोडेगावच्या अलीकडच्या एका गावात रज्जाक पिठाची गिरणी चालवायचा. गिरणी डिझेल इंजिनावरची. धुराड्याच्या तोंडाशी त्याने पितळी पेला असा काही बसवला होता, की इंजिन सुरू झालं की 'कुक कुक कुक' आवाज लांबच्या मळ्यांपर्यंत जायचा. तो कानावर पडला की वस्त्यांवरच्या बाया दळणाची पाटी डोक्यावर घ्यायच्या. आपल्या हाकेला सगळा गाव ओ देतो, याचा रज्जाकला भारी तोरा होता. असणारच!

मग शाळेवर नवे गुरुजी आले. त्यांचे पाढे त्या आवाजात बुडू लागले. पोरं तर एकेक बिलंदर. "बे एके कुक, बे दुणे कुक" म्हणायला लागली. गुरुजींनी तडक ग्रामपंचायत गाठली आणि सरपंच भिमाजीने ठराव ठोकला: गिरणीने आवाज करू नये.

रज्जाकचं डोकं फिरलं. पेला तर त्याने काढलाच, वर धुराड्याचा पाइप जमिनीत पुरलेल्या रांजणात सोडला. घ्या म्हणावं! इंजिन आता नुसतं पुटपुटायचं. वस्तीवरच्या बायांना वाटलं, गिरणी बिघडली. शेजारच्या गावची कुक ऐकू यायची, त्या तिकडे वळल्या. रज्जाक रिकाम्या ओट्यावर माश्या मारत बसला. असंच चाललं तर इंजिन विकावं लागेल, असं बायको जहिरा म्हणाली, त्या दिवशी तो भरल्या ताटावरून उठला.

शेवटी सरपंचाची आईच भडकली. आक्काबाई शेजारच्या गावाहून दळण घेऊन आल्या त्या थेट चावडीवर. "आरं भिमा, तुज्या ठरावानं माजं पाय गेलं! साळा सुटल्यावर तरी वरडू दे की त्याला. न्हाईतर उद्यापास्नं भाकर न्हाई, ठराव खा!"

चावडी खो खो हसली. शाळा सुटल्यावर कुक चालेल, असा ठराव तिथल्या तिथे झाला.

संध्याकाळी रज्जाकने पाइप वर काढला, पेला बसवला आणि हँडल मारलं. कुक घुमली न घुमली, तोच गुरुजी धावत येताना दिसले. पुन्हा तक्रार आली असं वाटून रज्जाकने इंजिन बंद करायला हात घातला.

"अहो, बंद काय करता!" गुरुजींनी धापा टाकत ज्वारीचा डबा ओट्यावर आदळला. "आमची मंडळी म्हणाली, गिरणी लागली, पळा! माझा पहिला नंबर ना?"

रज्जाकने वाटेकडे पाहिलं. वस्त्यांवरून पाट्याच पाट्या येत होत्या.

"पैलाच हाय, गुरुजी!" तो आनंदाने ओरडला, पण त्या गोंगाटात ते गुरुजींना काही ऐकू गेलं नाही.