अर्धा तास पुढे की मागे

ज्याने उभ्या आयुष्यात धर्माबाद आणि लातूर यांपलीकडचे गाव पाहिले नाही, अशा माणसाला दोन देशांच्या वेळा एकाच तबकडीवर दाखवणाऱ्या घड्याळाची इतकी ओढ का वाटावी? या प्रश्नाचे उत्तर शोधूनही सापडत नाही. पाशामियाँना विचारले, तर ते डोळ्याचे भिंग कपाळावर सरकवत आणि म्हणत, "सुंदर हाय, म्हणून."

नांदेडच्या इतवाऱ्यात, घरालाच लागून, त्यांचे चार फुटांचे दुकान. बॅटरीशिवाय चालणारी घड्याळे उघडण्याची हिंमत असलेले त्या भागात ते एकटेच उरले होते. म्हणून लातूरचा यज्ञेश, मालवाहू जहाजावरचा इंजिनिअर, आपले नवे घड्याळ घेऊन त्यांच्याकडे आला. गडद निळी तबकडी, कडेने चोवीस आकडे, आणि नेहमीच्या काट्यांखेरीज बाणाच्या टोकाचा एक बारीक नारिंगी काटा. मोठे काटे जहाजाची वेळ दाखवत, नारिंगी काटा घरची. जहाज पश्चिमेकडे सरकले की किल्ली फिरवून तासकाटा तेवढा एक तास मागे घ्यायचा. बाकीचे यंत्र क्षणभरही थांबत नसे. पाशामियाँनी ते कानाशी धरले, ते लवकर खाली घेतलेच नाही.

"चाचा, ते काय बोलून राहिलंय का तुमच्याशी?" यज्ञेश हसला. "आता तक्रार ऐका. हे पुऱ्या तासांनीच सरकतंय. आपला देश जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं. लातूरची वेळ अर्ध्या तासानं चुकतीय."

"बनवणाऱ्यानं आपल्याला मोजलंच न्हाई म्हण की." पाशामियाँनी नारिंगी काटा अलगद उपटला आणि अर्ध्या घराने सरकवून पुन्हा बसवला. "घे. आता अम्मी जेवली का न्हाई, ते समुंदरातूनबी कळंल तुला."

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत यज्ञेश येई. पाशामियाँ घड्याळ उघडत नसत, नुसते पाहत.

मार्च २०१८ मध्ये यज्ञेश हिंदी महासागरात जहाजावरून नाहीसा झाला. देह मिळाला नाही. कंपनीचे पत्र आले: नऊ तारखेच्या रात्री तो कामावर दिसला होता, दहाच्या सकाळी सापडला नाही, लगेच शोध घेतला. दोन महिन्यांनी त्याची पेटी घरी आली. इंजिनखोलीत उतरताना तो घड्याळ काढून केबिनमध्ये ठेवत असे. ते पेटीत होते, बंद पडलेले. त्याची आई, निवृत्त शिक्षिका राजश्रीबाई, एसटीने स्वतः ते घेऊन आल्या.

"चालू करून द्या," त्या म्हणाल्या. "बाकी मला काही नको."

घड्याळ उघडण्यापूर्वी सगळे काटे बाराकडे आणायचे आणि मगच उपटायचे, ही पाशामियाँच्या वडिलांची शिकवण. चाळीस वर्षे बोटे ते आपसूक करीत आली होती. त्या दिवशी तर डोळे भरलेले होते. जे केले ते बोटांनीच केले. साफसफाई झाली, तेल पडले, लातूरच्या वेळेवर लावलेले घड्याळ आईच्या हातात गेले.

आठवड्याने यज्ञेशची बहीण उर्वी आली. लातुरात वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. बसायला सांगितले तरी बसली नाही.

"चाचा, दादाच्या जहाजावरच्या एकाशी बोलणं झालं. नऊ तारखेला संध्याकाळी जहाजाची वेळ एक तास मागे केली होती. त्याच्या आधी जहाज आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं, नंतर अर्धा तास मागं. सूचना झाली की दादा सगळ्यांत आधी आपलं घड्याळ फिरवायचा. आईनं घड्याळ आणलं तेव्हा मोठे काटे नारिंगी काट्याच्या वेळेच्या पुढं होते की मागं?"

पाशामियाँनी भिंग काढून काउंटरच्या काचेवर ठेवले.

"घड्याळ बंद पडलं तरी ते अंतर तसंच राहतं. पुढं असतील, तर दादा संध्याकाळच्या आधीच गेला. मग रात्री त्याला पाहिलं, हे खोटं. सबंध रात्र जहाज पुढं जात राहिलं आणि कुणी वळून पाहिलं नाही."

पाशामियाँनी डोळे मिटले. समोर बारा वाजले होते. सगळे काटे वर, एकमेकांना खेटून. त्याच्या आधीचे काहीच नव्हते.

"मी पुसलं ते, बेटा. या हातानं."

"फोटो तरी?"

"दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा फोटो कोण काढतंय?"

उर्वी काचेवर वाकली. "मग पुढं होते असं लिहून द्या. तुम्हाला खोटं पाडायला कोण येणार आहे?"

आतल्या पडद्याआडून त्यांची बायको जन्नतबी म्हणाल्या, "बोल दो ना जी, आगे था करके. बच्ची के दिल को सुकून तो मिलता."

"सुकून?" पाशामियाँ पडद्याकडे वळले. "मी पुढं म्हणलो, तर यज्ञेशची अम्मी जलमभर त्या पोराला पाण्यात वाट बघताना बघंल. आन् ते तसं नसलंच तर?"

"आणि तसंच असलं तर?" उर्वीने विचारले.

दुकानाचा छापील कागद ओढून पाशामियाँनी लिहिले: घड्याळ बंद स्थितीत आले. सवयीप्रमाणे मी काटे बाराकडे आणले. त्यापूर्वी ते कसे होते, हे मी पाहिले असणार, पण मला आठवत नाही. खाली सही केली.

उर्वीने तो कागद दोनदा वाचला. "हा घेऊन मी कुणापुढं उभी राहू, चाचा?" असे म्हणून तिने तो काचेवरच ठेवला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

सात वर्षांहून अधिक काळ बेपत्ता असल्याच्या आधारावर, जून २०२५ मध्ये लातूरच्या न्यायालयाने यज्ञेशला मृत मानण्याचा आदेश दिला. तो नेमका केव्हा गेला, याबद्दल आदेशात काही नव्हते.