कोवळ्या काकडीवरची खूण

कोंडीबाईंबद्दल मला फारसं माहीत नाही, हे आधीच सांगतो. त्यांचं साखरशेतचं घर मी कधी पाहिलं नाही. त्या वारल्यावर पुण्याहून स्वराचा फोन आला, "गुरुजी, चार ओळी तुम्हीच लिहा." मला लिहायची सवय नाही, पण नाही म्हणायचीही नाही.

स्वराची संस्था आश्रमशाळांतल्या मुलांसाठी कार्टून फिल्म करते. त्यांतली शेती बरोबर दाखवली आहे का, हे पाहायचं काम कोंडीबाईंकडे होतं. कॉम्प्युटर आणि नेट माझ्या घरी, म्हणून बाजाराच्या दिवशी त्या जव्हारला माझ्याकडे येत. चूक दिसली की मला फिल्म थांबवायला लावत आणि माउसने चित्रावर बाण ठेवत. बाणाशेजारी शेरा मी टाइप करी, अगदी त्यांच्या शब्दांत. स्वतःचे शब्द घालायचा मला धीर होत नसे.

परसबागेच्या फिल्ममध्ये वेलीवर एक कोवळी काकडी होती. तिचं फूल देठापाशी दाखवलेलं.

"फूल टोकाला पायजे," कोंडीबाई म्हणाल्या. मी तेच लिहिलं. पुण्याहून दुरुस्ती आली, तर वेलीच्या टोकाला एक नवंच फूल! आम्ही पुन्हा खूण केली. या वेळी पुणेकरांनी बाणाखालचं पान पुसून टाकलं. खाली स्वराने लिहिलं होतं, "मावशी, आज शेवटची फेरी. उद्या फिल्म शाळांना जाईल."

मी ते वाचून दाखवलं. कोंडीबाईंचा चेहरा उतरला.

"साखरशेतची पोरं बघतील ना! कोंडीआजीला काकडी ठावी नाय म्हणतील. वर माझं नाव लिवलंय."

मग मी दोन्ही खुणा नीट पाहिल्या. बाण दोन्ही वेळा काकडी सोडून शेजारच्या पानावर होता.

"बाई, बाण काकडीवर का नाही ठेवलात?"

"कवळ्या काकडीला बोट दावतात का, गुरुजी? सडते."

"अहो, ही चित्रातली आहे."

"चित्रातली म्हणून सडू द्यायची?"

माझी आईही कोवळं फळ बोटाने नाही, मूठ मिटून दाखवायला सांगे.

"ह्याच्यात मूठ नाय का?" त्यांनी विचारलं.

कॉम्प्युटरमध्ये मूठ नव्हती, चित्रावर रेघ ओढायची पेन्सिल होती. ती कशी धरायची ते दाखवलं. कोंडीबाईंनी काकडीला कुठेही न टेकता तिच्याभोवती वाकडातिकडा गोल काढला. शेजारी मी लिहिलं, "गोलातल्या काकडीचे फूल देठाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावा." हे शब्द माझे होते. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

दुपारी नवं चित्र आलं. फूल टोकाला होतं.

"आता झाली काकडी," म्हणत त्यांनी पिशवी उचलली. दारात थांबल्या.

"पुढच्या बाजाराला काकड्या आणते. कवळ्या का बियांच्या?"

"कोवळ्या."

"बरं. एसटी लागली असंल. येते."

"या."